एक बाण वर, एक बाण खाली

ज्या शरदात बुरुल आपांचा नवरा जाऊन वर्ष झाल्याचं जेवण झालं, ते साल २०११. मध्य आशियातल्या नारीनच्या डोंगरातल्या त्या घरी घोडा कापला होता, अंगणभर पाहुणे होते, आणि मानाच्या जागी बसलेल्या थोरल्या चुलतसासऱ्यांच्या हाती सून तोल्कुननं काठोकाठ भरलेला चहाचा पेला दिला!

तिथली रीत अशी: पेला अर्धाच भरायचा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरला तर प्या आणि चालू लागा, असाच अर्थ! म्हाताऱ्यानं ओठही न लावता पेला खाली ठेवला आणि आपला घोडा मागवला.

"सात पिढ्यांची अब्रू घालवलीस गं!" आपा कडाडल्या. "पहाटे हाका मारमारून माझा घसा बसतो, तरी उठत नाहीस. आता पाहुण्यांनाही हाकल!"

तोल्कुनच्या डोक्यात लोकर कोंबल्यासारखं होतं, हातपाय जड झालेत, भर उन्हात हाडं गारठतात, कंगव्यात रोज मूठभर केस येतात, हे सारं कुणाला आणि कसं सांगावं? नवऱ्यानं, एर्मेकनं, उन्हाळ्यात तिचं रक्त तपासून आणलं होतं. डॉक्टर त्या दिवशी रजेवर. कागदावर एका आकड्यापुढे वर जाणारा बाण, दुसऱ्यापुढे खाली. आपांनीच चष्मा लावून निकाल दिला होता, "एक वर, एक खाली. झालं की बरोबर! आळसावर औषध नसतं."

"उद्याच हिला माहेरी पोचव," आपा म्हणाल्या.

"आपा, अहो..." एर्मेक आईपुढे आला.

तोल्कुननंच त्याला बाजूला घेतलं. "त्यांच्याशी भांडू नका. सासरे गेले, आता त्यांना तुमच्याशिवाय कोण आहे? मी जाते." आणि तिच्या अंतःकरणात काहीतरी तुटलं, पण डोळ्यांतून थेंब पडू दिला नाही तिनं!

सकाळी तिला पोचवायला आपाही गाडीत बसल्या; गाडी तालुक्याच्या गावाशी आली तेव्हा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आपा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. दवाखाना इथेच आहे."

"जाता जाता शहाणपण!" आपा पुटपुटल्या, पण उतरल्या.

डॉक्टरबाईंचं लक्ष आपांच्या दंडावरच्या पट्ट्यावरून दाराकडे गेलं. पेटत्या शेगडीजवळही शालीत गुरफटलेली, सुजल्या तोंडाची ती मुलगी...

"ही कोण?"

"सून. म्हणजे होती."

डॉक्टरबाईंनी तिला जवळ बोलावलं, गळा चाचपला, बोचक्यातला तो कागद पाहिला. "हा कुणाला दाखवला नाहीत?"

"त्यात काय? एक वर, एक खाली. बरोबरच ना?"

"बरोबर कसलं, आपा! हा खालचा बाण टी-फोरचा. गळ्यातली ग्रंथी जे बनवते ते कमी पडलंय. आणि वरचा, टीएसएच, तो ग्रंथीचा नव्हेच, ती मेंदूची हाक! काम होईना तशी हाक वाढत जाते. इथे मेंदू गळा फाडून ओरडतोय आणि ग्रंथीत बळच उरलं नाही. दोन्ही बाण एकच दुखणं सांगतायत."

गळा फाडून ओरडतोय... पहाटेच्या दारात उभी असलेली स्वतःची मूर्ती आपांना दिसली. "मग ही नाटक करत नव्हती?"

"दुसरी कुणी असती तर अंथरूणही सोडलं नसतं तिनं." डॉक्टरबाई लिहू लागल्या. "रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा त्यानंतर. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू, मग मात्रा ठरवू. लगेच चमत्कार मागू नका."

बाहेर आल्यावर आपांनी तिचे बर्फासारखे हात आपल्या छातीशी धरले. "माझ्याच घरात गारठत होतीस, पोरी, आणि मी... मी तुला..."

"आपा, रडू नका. रक्तदाब वाढेल."

"वाढू दे मेला!" आपा हमसून हमसून रडल्या. मग डोईच्या रुमालाला तोंड पुसून एर्मेकवर ओरडल्या, "बघतोस काय ठोंब्या? गाडी वळव!"

चुलतसासऱ्यांची मात्र समजूत पटली नाही. आपा स्वतः जाऊन पाया पडल्या, तरी ते त्या घरी पुन्हा आले नाहीत. तोल्कुनलाही सावरायला बरेच महिने लागले.

बुरुल आपा २०१४ च्या मार्चात पक्षाघातानं वारल्या. तोल्कुन उशाशी होती.