उद्या कापूस पसरू ना?

या, असे जवळ सरकून बसा. पाय पोटाशी घ्या, बाहेर गारवा सुटलाय. आज एक प्रेमाची गोष्ट ऐकवायची आहे... जे प्रेम आधी लाजेनं मान खाली घालतं आणि मगच वर बघतं, त्या प्रेमाची.

हवामान कचेरीत एक मुलगी होती. येत्या दोन-तीन दिवसांत आसपासच्या भागात पाऊस किती, गारठा किती, हे ती लिहायची आणि रोज दुपारी कचेरीतल्या फोनवरून वाचून दाखवायची. रेडिओवरून तो आवाज घरोघर जायचा. पाऊस निरोप घेऊन गेला असं सगळे म्हणत होते, आणि ऐन शरदात एका संध्याकाळी सर कोसळली. दुपारी हिनंच सांगितलेली! आणि छत्री हिचीच घरी. ओढणी डोक्यावर घेऊन ती धावली ती थेट समोरच्या गादीच्या दुकानाच्या छपराखाली.

"आत या ना," आतून आवाज आला. "रेडिओवरची बाई सांगत होती पाऊस येणार म्हणून. पण लोक ऐकतील तर शपथ!"

"ऐकते की मी..." ती ओढणी पिळत पुटपुटली.

दुकानाचा तरुण मालक पुढं आला. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. तो थबकला. "थांबा... 'किमान तापमानात घट'... तो आवाज तुमचाच ना?"

तिनं मान हलवली नि नजर चपलांकडे वळवली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," तो हसला, "आणि आपण कोरडेसुद्धा नाही!"

तेव्हापासून संध्याकाळी कचेरी सुटली, की दुकानाच्या पायरीशी तिची पावलं आपोआप मंदावू लागली. तो विचारायचा, "काय अंदाजबाई, उद्या कापूस पसरू ना?" जुन्या रजयांतला कापूस काढून गच्चीवर उन्हात घालायचा, मग पिंजून परत भरायचा, हे त्याचं काम. ती सांगेल तसं तो करायचा. ती गच्ची बरोबर तिच्या कचेरीच्या खिडकीसमोर. ऊन असलं की तो वर यायचा, आणि तिच्या तक्त्यावरच्या रेघा वाकड्या जायच्या.

एके दिवशी तो म्हणाला, "वृद्धाश्रमाच्या रजया आल्यात. पसरू त्याच संध्याकाळी भरून परत द्यायच्यात. उद्या पसरू ना?"

दुपारीच तिनं वाचलं होतं, उद्या दुपारनंतर पाऊस, रात्री गारठा. "रेडिओ नाही का ऐकलात?"

"पिंजायचं यंत्र चालू होतं. आणि आता रेडिओ हवाय कुणाला? साक्षात अंदाजबाई दारात!" मग जरा हळू... "ऊन असलं तर दिवसभर वरच असेन मी. तुमच्या खिडकीसमोर."

'पाऊस' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता हो! पण त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि... "पसरा," ती म्हणाली. "ऊन पडेल."

ढगांनी खरं सांगितलं होतं, यंत्रांनी खरं सांगितलं होतं. खोटं बोलली ती एवढीशी जीभ.

सकाळी ऊन पडलंही. गच्चीभर पांढरंशुभ्र! त्यानं कापसाचा पुंजका उंच धरून हलवला, ती गालात हसली. मग तो निर्धास्तपणे सायकल काढून खोळींचं कापड आणायला गेला. घरी फक्त त्याची आई, तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते. आणि आभाळ भरून आलं. नेमकी वाचायची वेळ झाली. कानाला फोन लावून ती संथ आवाजात वाचत होती, "काही भागांत मध्यम सरी..." आणि काचेपलीकडे एकेक ढीग भिजून खाली बसत होता. आवाज मात्र हलवता येत नव्हता.

फोन ठेवला नि ती धावली. दुकानाच्या दाराशी पोचली तर तो परतला होता, आणि आतून त्याच्या आईचा आवाज, "अरे शहाण्या, सगळ्या जगाला पाऊस ठाऊक! तुला कुणी सांगितलं ऊन म्हणून?"

"कुणी नाही, आई. माझंच चुकलं."

"आज गारठा आहे म्हणे. ती म्हातारी माणसं काय पांघरतील रे?"

तिचं नाव कुठंच नव्हतं. तशीच मागं वळली असती, तर कुणाला कळलं नसतं. ती आत गेली.

"काकू, मी सांगितलं. पाऊस येणार हे ठाऊक असून सांगितलं."

"का गं?"

"ऊन असलं की हे गच्चीवर येतात... माझ्या खिडकीतून दिसतात... म्हणून."

त्याचे कान लालबुंद झाले. आई तिच्याकडे वळली.

"माझ्या लेकाचं थोबाड बघायला म्हाताऱ्यांची पांघरुणं काढून घेतलीस, पोरी?"

"हो," तिनं मान खाली घातली. पृथ्वीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं तिला.

"माझ्यापुढं मान खाली घालून काय उपयोग? त्यांच्यापुढं जाऊन घाल."

दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या रजया सायकलवर लादून दोघं भिजत निघाली. वृद्धाश्रमात तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, कारणासकट. रजया वाटल्या, तर एक कमी पडली. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "मला नको. मला थंडी वाजतच नाही." दात मात्र वाजत होते. तिला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नकोस गं. फक्त पुन्हा कुणाच्या डोळ्यांत बघून पाऊस विसरू नकोस."

परतताना तो सायकल ढकलत होता. "उद्या?" त्यानं विचारलं.

"पाऊस. परवाही पाऊस."

"म्हणजे गच्चीवर काही दिसायचो नाही मी."

"दुकानात ओला कापूस सोडवायला दोन हात लागतील ना? मी येते." आणि अगदी हळू... "हा अंदाज नाही. आयुष्यभर येईन, तुम्ही आत घेतलंत तर."

"आईला विचारावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. मग हसला. "माझं काय, मी पहिल्या सरीलाच 'आत या' म्हटलं होतं."

तर अशी त्यांची गाठ पडली. देव त्यांना सुखात ठेवो. ती दोघं एकमेकांना विसरणार नाहीत, त्यांची काळजी नको. पण आज रजई अंगावर ओढाल ना, तेव्हा त्या कोपऱ्यातल्या आजोबांची आठवण काढा. ती रात्र त्यांनी तशीच, गुडघे पोटाशी घेऊन काढली.