मापात पाप

“सगळ्यात रुंद दाखवणारी लेन्स द्या,” ती कॅमेऱ्याच्या दुकानातल्या काकांना म्हणाली. “खोली कशी ऐसपैस वाटली पाहिजे.”

“आणि माणूस आत शिरला की भिंतीवर नाक आपटलं पाहिजे,” काउंटरच्या खालून आवाज आला.

ती दचकली. काकांनी ओशाळून खाली बघितलं. काचेच्या कपाटाचा एक खण सारखा अडकत होता म्हणून त्यांनी सुताराला बोलावलं होतं आणि तो तिथे उकिडवा बसून पट्टी ठोकत होता. आता तो उठून उभा राहिला. केसांत भुसा, कानावर पेन्सिल आणि डोळ्यांत नुसता जाळ.

“मी काय तुमचं घोडं मारलंय?” तिने विचारलं. तिचा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. त्यात आज जुना कॅमेरा बंद पडलेला आणि मामाने ‘संध्याकाळपर्यंत नवा निवडून आण’ म्हणून फर्मान सोडलेलं. मामा घरं विकून देणारा एजंट, आणि त्या घरांचे फोटो काढायचं काम हिचं.

“पाण्याच्या टाकीसमोरची इमारत. तिसरा मजला,” तो म्हणाला. “आत्ता काकांना ऐकवत होतात ना, फोटो असे काढले की चार दिवसांत घर गेलं?”

“गेलंच. का? आवडले वाटतं फोटो?”

“फार! माझ्या आत्यालाही आवडले. घर तिनेच घेतलंय.”

आणि मग त्याने सगळं बाहेर काढलं. आत्या परगावी होती. किल्ली जुन्या मालकाकडे. आत्या राहायला येईल तेव्हा कपाट तयार असावं म्हणून ह्याने फोटोवरूनच हिशेब केला. भिंतीच्या कडेने चार फरश्या दिसत होत्या. फरश्या एवढ्या मोठ्या, म्हणजे दोन दोन फुटांच्याच असणार. आठ फूट भिंत. त्याने साडेसात फुटांचं कपाट केलं, सागवानी. प्रत्यक्षात फरशी निघाली सोळा इंचांची आणि भिंत सव्वापाच फुटांच्या जेमतेम वर.

“मापात पाप करणारा माणूस मी नव्हे, मॅडम. ते तुम्ही केलंत.”

“आणि फोटोवरून माप घेणारा सुतार मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय!” ती उसळली. “तुमच्या खिशातला टेप काय शोभेला आहे?”

त्याचे कान लाल झाले. बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं होतं. हातातली पट्टी खाली ठेवत तो म्हणाला, “चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“चला!” ती म्हणाली. भांडण अर्धवट सोडून जाणाऱ्यांतली ती नव्हतीच.

आत्याने दार उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलली, “ये गं बाळ. जरा आडवी ये.”

बोळासारख्या पॅसेजमध्ये ते कपाट उभं होतं. खोलीत जात नव्हतं आणि परत न्यायचं तर पुन्हा चार माणसं लागणार होती. आत्या पोट आत घेऊन, भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात गेली आणि तशीच पाणी घेऊन परत आली. कपाट मात्र देखणं होतं. फोटोवालीने न राहवून त्याच्या कडेवरून हात फिरवला, कुठे एक कुसळ नाही लागलं.

“तू काढलेस का ते फोटो? छान आलेत हं,” आत्या म्हणाली. “मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना दाखवले. आता त्या घर बघायला येतो म्हणतात... मीच काहीतरी कारण सांगून टाळते.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर तिने परतवला असता. पण ते साधं बोलणं तिच्या वर्मी बसलं आणि मग तिला स्वतःचाच असा राग आला की समोरचा पेला तिने एका घोटात रिकामा केला. आपण फोटो चांगले काढतो, ह्याच एका गोष्टीचा तिला आजवर अभिमान होता. आणि तो अभिमान इथे, ह्या बोळात, आडवा चालत होता.

“टेप द्या,” ती सुताराला म्हणाली.

“कशाला?”

“द्या म्हटलं ना!”

खोलीतल्या त्या भिंतीशी तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. पाच फूट चार इंच.

“नीट धरा,” तो म्हणाला.

“धरलंय.”

“हलतंय.”

“तुमच्याकडून हलतंय!”

दोघांचंही हलत होतं. आत्या दारातून बघत होती.

दुकानदार काका भला माणूस. त्यांनी एक कॅमेरा आणि दोन लेन्स वापरून बघायला दिल्या. कॅमेऱ्याबद्दल वाद नव्हताच. कोपऱ्यातला अंधारही नीट दिसायचा आणि खिडकी पांढरी फट्ट पडायची नाही. अडलं ते लेन्सवर. एक चौदा मिलिमीटरची, मामाच्या मनासारखी रुंद. दुसरी चोवीसची, जरा कमी पसरणारी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आत्याच्या खोलीत कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं आणि त्याला कोपऱ्यात उभं केलं.

“हा मी?” चौदाचा फोटो बघून तो किंचाळला. “हे पोट कुणाचं?”

“कडेला असेल ते सगळं ताणलं जातं.”

“पोट ताणलंय की घातलंय वरून?”

“थोडं तुमचं, थोडं लेन्सचं,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. मग चोवीसची लावली.

“आणि हा?”

“हा... जसा आहे तसा.”

“बरा दिसतो की.”

“ठीक,” ती म्हणाली. पण पडद्यावरची नजर काढायला तिला उगाचच वेळ लागला.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. उन्हाचा उजेड बघायचाय, ढगाळ उजेड बघायचाय, दिवा लावून बघायचंय. तोही रोज असायचा. कपाट कापून लहान करायचं होतं. आज पट्टी, उद्या बिजागरी, परवा पॉलिश वाळायचं. लाकडाचा वास, तिच्या बाहीला लागलेला भुसा, तो झटकायला पुढे आलेला आणि मध्येच थांबलेला त्याचा हात... आणि भांडणं तर अखंड. दिवा कुठे असावा ह्यावरून, खुर्ची किती इंच सरकवावी ह्यावरून. भांडल्याशिवाय त्यांना एकमेकांशी बोलताच येत नव्हतं.

पंधराव्या दिवशी मामाचा फोन आला. तिने तो तिथेच, त्याच्यासमोर घेतला.

“पंधरा दिवस! लोक तेवढ्यात लग्नं जमवतात आणि तुला एक कॅमेरा ठरवता येईना?”

“ठरलाय, मामा. चोवीसची लेन्स. आणि प्रत्येक फोटोखाली खोलीचं माप लिहायचं.”

“माप? अगं, माप लिहिलं तर गिऱ्हाईक दारात तरी येईल का?”

“येईल ते शिव्या देत परत जाणार नाही.”

“हे बघ, भाची म्हणून ऐकून घेतोय. चौदाची लेन्स घेऊन ये. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येणार,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “कॅमेरा माझा मी घेईन आणि काम माझ्या नावाने करीन. ठेवते.”

राग आला की तिला रडू फुटायचं, आणि रडू फुटलं की आणखी राग यायचा. समोर तो उभा होता, हातात रंधा घेऊन, बावळटासारखा.

“तुमच्यामुळे झालं हे!”

“माझ्यामुळे? मी सांगितलं होतं मामांशी भांडा म्हणून?”

“तुम्ही कुठे काय सांगता! रोज येतेय मी इथे. पट्टी बसवतो, पॉलिश लावतो... ह्यापलीकडे एक शब्द नाही! दुसऱ्याला खरंखोटं शिकवायचं आणि स्वतः मात्र—”

“स्वतः मात्र काय?”

“काही नाही.”

“बोला ना!”

“नाही बोलत!”

त्याने रंधा खाली आपटला.

“मग मी बोलतो! हे कपाट कापून जोडायला चार दिवस लागतात. चार! पाचव्या दिवशी ते जागेवर गेलं असतं. तुम्ही दुपारी येणार म्हणून मी सकाळी बसवलेली बिजागरी परत काढून ठेवायचो. रोज! आता कळलं? झालं समाधान?”

आणि स्वयंपाकघरातून आत्या कडाडली, “अरे मेल्या! म्हणजे इतके दिवस मी खेकड्यासारखी चालतेय ती ह्याच्यासाठी?”

तो लालबुंद झाला. तिने ओढणीने डोळे पुसले.

“लेन्स माझी पहिल्याच दिवशी ठरली होती,” ती पुटपुटली. “एका खोलीचा उजेड बघायला पंधरा दिवस कोण येतं...”

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “आता काय करायचं?”

“आधी हे अहो-जाहो बंद करा. नको वाटतं ते.”

“तुम्ही करा आधी.”

“तुम्ही करा म्हटलं ना!”

“असं कसं, नोकरी तुमची गेलीय, पहिला मान तुमचा—”

“अरे, किती वाद घालशील तू!” ती खेकसली.

ते ‘तू’ रागाच्या भरात निसटलं होतं, पण परत घ्यायला ती काही तयार नव्हती.

“अजून एकदा म्हण,” तो म्हणाला.