मंगळवारची हाक

"कोबिनाला बोलवा..."

आईच्या ओठांतून ते नाव बाहेर पडलं, आणि उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेल्या तिच्या मुलाचा हात तसाच अधांतरी राहिला!

कित्येक दिवस तिनं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. डोळे मिटलेले, श्वास तेवढा वरखाली... आणि आज मंगळवारी, दर्याच्या विसाव्याच्या दिवशी, एकही होडी पाण्यात उतरत नाही आणि सगळी वस्ती आपापल्या घरी असते अशा दिवशी ती बोलली, आणि बोलली ती नेमकं हेच!

"ऐकलंस का रे एको?" शेजारच्या अराबा मावशीनं डोळे पुसले. "लेकाची आठवण काढतेय बिचारी. जीव अडकलाय तिचा त्याच्यात. लाव, अकादमीत फोन लाव! म्हणावं, असशील तू मोठा कोच, पण आई एकदाच मरते बाबा!"

"तूच लाव मावशी. माझा हात खरकटा आहे."

हात खरकटा नव्हता. मावशी फोन घेऊन अंगणात गेली, मासळी धुरावण्याच्या थंड पडलेल्या चुलींपाशी उभी राहून मोठमोठ्यानं बोलू लागली, आणि तो तिथंच बसून राहिला. वस्ती त्याला एको म्हणत होती, त्याच्या होडीवरची माणसं त्याला एको म्हणत होती... पण तो एको नव्हता. तो कोबिना होता! मंगळवारी जन्मला म्हणून कोबिना. एको म्हणजे गुरुवारचा, तो त्याचा थोरला भाऊ, आणि तोच आज टेकडीवरच्या अकादमीत कोबिना होऊन बसला होता.

ही अदलाबदल झाली तेव्हा कोबिना तेरा वर्षांचा होता आणि एको सतरा.

त्या साली अँकर्स क्लबनं अकादमी नवीनच काढली होती. राहायला खोल्या, पोटभर जेवण, शाळा, आणि टेकडीवर हिरवंगार मैदान! पंधराच्या आतली पोरं हवी होती. क्लबचा माणूस मंगळवारीच आला, कारण मंगळवारी सगळा किनारा मोकळा आणि सगळी पोरं वाळूत. त्याच्या डोळ्यांत भरला एको. अंगानं किडकिडीत, मिसरूडही धड फुटलेलं नाही.

"वय काय याचं?"

"तेरा," ओटू मामा पटकन म्हणाले. आमच्याकडे भाच्यांवर शब्द चालतो तो मामाचा, बापानंतर तर मामाचाच. आणि बाप कधीच दर्यात गेला होता.

"नाव?"

मामांनी वाळूतल्या धाकट्याकडे एक नजर टाकली. जन्माचा दाखला मागणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि घरात तेरा वर्षांचा दाखला एकच होता. "कोबिना," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईनं आकांत मांडला. "अहो दादा, वार हा जिवाचा असतो! एकाच्या जिवाचं नाव दुसऱ्याच्या गळ्यात कसं बांधता? देवाला काय तोंड दाखवू मी?" एको भिंतीकडे तोंड करून रडत होता. होडीत पाय ठेवला की त्याला ओकाऱ्या व्हायच्या. दर्यानं त्याला कधी जवळ केलंच नव्हतं, आणि दर्याशिवाय त्या वस्तीत दुसरं होतं काय? कोबिनाला ते रडणं बघवेना. तो भावाजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "घे ना दादा माझं नाव! मी पुढच्या वर्षी येईन, तेव्हा दुसरं काहीतरी घेऊ." नाव म्हणजे सदरा, आज तू घाल, उद्या मी घालीन, एवढीच त्या पोराची समजूत!

मग मामांनी सगळ्या वस्तीला पढवलं. अकादमीची माणसं चौकशीला आली तेव्हा रांगतं पोरसुद्धा चुकलं नाही. अराबा मावशी तर, "कोबिना ना? माझ्यासारखाच मंगळवारचा, माझ्या हातावर जन्मलाय," असं ठासून सांगून मोकळी झाली. बोलता बोलता वस्तीची जीभ अशी वळली, की पुढे ती सरळ झालीच नाही.

आणि पुढचं वर्ष उजाडलं. वर्षभरात कोबिना चांगला थोराड झाला होता. वाळूत त्या दिवशी कोबिना असा खेळला, असा खेळला, की म्हातारे जाळी विणायची थांबले! क्लबचा माणूस टाळ्या पिटत पुढे आला. "अरे, हा कोण हिरा?"

मामांनी मान खाली घातली. घरात आता उरलेला दाखला एकोचाच होता. "हा एको. कोबिनाचा... थोरला भाऊ. अठराचा."

"थोरला? अठराचा? अरेरे! मग काय उपयोग?" तो माणूस वळलासुद्धा.

चौदा वर्षांचं ते पोर वाळूत उभं राहिलं. आपण काय देऊन बसलो, ते त्याला तेव्हा कळलं! तेलही गेलं, तूपही गेलं... दुसऱ्या दिवशी त्यानं बापाचं वल्हं उचललं.

वर्षं लोटली. एको क्लबकडून खेळला, रेडिओवर "कोबिना! कोबिना!" असा गजर झाला, गुडघा गेला, मग तो अकादमीतच कोच झाला. घरी तांदूळ यायचे, आईला लुगडी यायची, पण तो स्वतः येत नसे. आणि कोबिना? तो दर मंगळवारी जेवणं आटोपली की टेकडी चढायचा आणि अकादमीच्या तारेच्या जाळीशी उभा राहायचा. हिरव्या सदऱ्यातली पोरं धावायची, आणि इकडे जाळीबाहेर या थोराड कोळ्याचा उजवा पाय आपोआप उचलला जायचा. एकदा, फक्त एकदा, मैदानातून दादाची नजर त्याच्या नजरेला भिडली होती, आणि दादानं पाठ फिरवली होती! ते शल्य अजून ताजं होतं.

पण खरं दुःख त्याहून खोल होतं. खेळ गेला, जाऊ दे. नाव गेलं, तेही त्यानं सोसलं असतं... पण आई! त्या दिवसापासून आईनंही त्याला कधी त्याच्या नावानं हाक मारली नाही. "अरे ए", "बाळा", "ऐकलंस का"... वर्षातून एकदा, वाढदिवशी, लाल तेलात कालवलेलं कोनफळ आणि वर अख्खं उकडलेलं अंडं ती त्याच्यासमोर ठेवायची, आणि काही न बोलता त्याचं खाणं बघत राहायची. तो मनात म्हणायचा, हाक मार ना गं... एकदाच! शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशी मार! ती मात्र ताट उचलून निघून जायची. होता होता त्याची खात्री पटली, की ते नाव आईनंसुद्धा दादाला देऊन टाकलंय. आणि आज शेवटच्या घटकेला तिला हवा होता तो कोबिना... टेकडीवरचा!

दिवस कलायच्या आत दारात गाडी थांबली. मागोमाग अकादमीची छोटी बस. सराव अर्धा टाकून एको आला होता, गळ्यात शिट्टी तशीच, आणि "सरांची आई ती आमची आई" म्हणत पोरंही मागे लागली होती. वस्ती गोळा झाली. "कोबिना आला! बाजूला व्हा, कोबिना आला!"

धाकटा वाटी घेऊन भिंतीशी सरकला.

एकोनं खाटेपाशी गुडघे टेकले. "आई... आलो मी. कोबिना आलाय, बघ."

आईनं डोळे उघडले! तिचा सुकलेला हात त्याच्या गालावरून, कपाळावरून फिरला. "तू एको," ती हळूच म्हणाली. "माझा गुरुवारचा. किती वाळलास रे... बरं झालं आलास. पण मी कोबिनाला बोलावलं होतं. सकाळपासून हाक मारतेय, कोणी आणून देईना त्याला!"

अराबा मावशीचा हात तोंडावर गेला.

"आई..." भिंतीकडून घोगरा आवाज आला. "इथंच आहे गं मी..."

"मग ओ का देत नाहीस?"

कोबिनाच्या हातातली वाटी खाली पडली. इतकी वर्षं दाबलेला हुंदका छाती फोडून बाहेर आला! "कशी देऊ ओ? तू मारलीस का कधी हाक? सगळ्या जगानं मला पुसलं, ते सोसलं मी... पण तू? स्वतःच्या आईच्या तोंडी स्वतःचं नाव यावं म्हणून झुरलोय गं मी आई, लहान पोरासारखा झुरलोय!"

"तुझ्या मामानं दर्याची शपथ घातली होती रे," आई म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून आणावा लागत होता. "घरातसुद्धा उच्चारायचं नाही. एक दिवस तोंडून निसटलं तर थोरल्याच्या तोंडचा घास जाईल... ताट वाढायचे तुझ्या वाढदिवसाचं, नाव ओठावर यायचं, आणि गिळायचे. म्हणून तर पळायचे रे तिथून! मी अंथरूण धरलं आणि मामा गेला, त्याच्याबरोबर शपथही मातीत गेली. आता मीही निघाले. वर आपली माणसं विचारतील, मंगळवारच्या पोराचं काय केलंस? कोबिना... ये, बाळा, असा जवळ ये."

"ओ, आई!" तो तिच्या पायांवर कोसळला. "ओ!"

एको उठून उभा राहिला. दारात पोरं खिळल्यासारखी उभी होती.

"पोरांनो, आत या," तो म्हणाला. "तुम्ही मला ज्या नावानं हाक मारता ना—"

"दादा!" कोबिनानं झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प बस! वेडा झालास? अकादमी जाईल तुझी! झालं गेलं, मला मिळालं माझं!"

एकोनं तो राठ, वल्ह्यानं घट्टे पडलेला हात तोंडावरून काढला आणि तसाच धरून ठेवला. "जाऊ दे. ती माझी होती कधी? तुम्ही विचारता ना रे पोरांनो, सर आम्हाला नावानं का हाक मारत नाहीत, सदऱ्यावरच्या आकड्यानं का मारतात? नाव उच्चारायची लायकी नव्हती माझी! मी एको. कोबिना हा आहे. माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सरस खेळायचा!" मग तो भावाकडे वळला, आणि त्याचा आवाज फुटला. "जाळीशी उभा असायचास तू. दर मंगळवारी दिसायचास. पाठ फिरवायचो, कारण डोळे भरायचे रे... पोरांसमोर कसं रडू? आणि इथं यायचं तर तुला कोणत्या नावानं हाक मारू, सांग!"

दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. अराबा मावशी भिंतीला डोकं टेकून म्हणत राहिली, "माझ्या या जिभेला आग लागो गं बाई... माझ्याच हातावर जन्मला होता हा!"

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आई गेली. जाताना तिनं पुन्हा एकदा हाक मारली, आणि कोबिनानं ओ दिली.

अकादमीनं एकोला निरोप दिला. त्यांचं तरी काय चुकलं? एको बॅग घेऊन टेकडी उतरला आणि आईच्या खोलीत राहू लागला. होडीत बसला की अजून ओकायचा, म्हणून कोबिना त्याला जाळी सांधायला किनाऱ्यावरच बसवायचा आणि "आमचे कोच!" म्हणून चिडवायचा. मंगळवारी मात्र सराव आटोपला की अकादमीची पोरं आपणहून टेकडी उतरून यायची, आणि वाळूत खेळ रंगायचा. एको आता एकेकाला नावानं पुकारायचा.

अशाच एका मंगळवारी चेंडू कोबिनाच्या पायात असताना वरून अराबा मावशीनं हाळी घातली, "ए कोबिना! मक्याचं केंके गार होतंय रे, मासळी तळून ठेवलीय, ये लवकर!"

एकोची मान सवयीनं झटकन वळली.

कोबिना चेंडू घेऊन तसाच पुढे धावत राहिला. त्याला वाटलं, बोलावताहेत दुसऱ्याच कोणाला तरी.

"अरे, थांब!" एको मागून धावला, त्याच्या दंडाला धरून त्यानं त्याला वळवलं. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तुला... तुला हाक मारतेय ती!"

कोबिना वाळूत थबकला. मावशीनं पुन्हा हाक मारली. त्यानं एकदा भावाकडे बघितलं, मग वर, धूर निघणाऱ्या त्या चुलींकडे बघितलं, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी, त्यानं ओ दिली.