घुंगरांची काठी

रिकामा कप माझ्या हातात नका देऊ, त्या स्टुलावर ठेवा. मी उचलतो. राग मानू नका, का ते सांगतो.

मी अजीज, नवापूरचा सुतार. खांडबाऱ्याच्या शमुवेल सरांनी, ते रिटायर पोस्टमास्तर, आपल्याच घराच्या पुढच्या खोल्यांत टपालाचं म्युझियम काढलं. जुनी तिकिटं, पितळी शिक्के, सील करायची लाख. काचेची कपाटं करायचं काम माझ्याकडं आलं. मदतीला माझी मुलगी तबस्सुम. पॉलिशला तिचा हात माझ्याहून चांगला. पण तसं तिला म्हणालो नाही, डोक्यावर बसली असती.

एके दिवशी डोंगराकडच्या धनीबाई आजोबांची काठी घेऊन आल्या. आजोबा रानातून डाक घेऊन धावायचे. जनावरं बिचकावीत म्हणून काठीला घुंगरं. नदीपाशी पुढचा गडी उभा असे. थैली आणि काठी त्याच्या हातात दिली की तो धावायचा. एका पुरात तो गडी आलाच नाही. आजोबा थांबले नाहीत, पाण्यात उतरले. मागं सापडली ती ही काठी.

धनीबाईंनी ती जमिनीवर ठेवली. "कोनाच्या हातमा देऊ नका," त्या म्हणाल्या. "भुईवर ठेवा, मंग उचला. जो हातमा लेस, त्यालेच धावनं पडस."

जो हातात घेतो, त्यालाच म्हणे धावावं लागतं. सर हसले. मीही हसलो.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मी कपाटात डोकं खुपसून शेवटची पट्टी बसवत होतो. काठी भिंतीला टेकवलेली. काम करताना मी मागं न बघता हात पसरतो, आणि तबस्सुम हवं ते हत्यार त्यात ठेवते. सवयच तशी.

लाईट गेली. जळक्या लाखेचा वास आला, मग ओल्या कपड्यांचा. घुंगरं वाजली... आधी लांब, मग अंगणात, मग अगदी पाठीशी. वाटलं, पोरीचा धक्का लागला काठीला.

"पेचकस," म्हणत मी हात मागं पसरला. हातात आलं ते जाड, गार आणि ओलं होतं.

"तबस्सुम?"

"आती हूँ, अब्बा..." आवाज बाहेरच्या नळावरून आला.

भीतीनं माझी बोटं उघडेनात. पाय मात्र आपोआप उंबऱ्याकडं, नदीच्या दिशेनं निघाले. जवळ येऊ नको, असं मी ओरडेपर्यंत ती धावत आली. बाप काठी धरून अंधारात निघालाय एवढंच तिला दिसलं, आणि तिनं काठी माझ्या हातातून घेतली.

काठी आम्ही कुलपात ठेवली. पण रोज दिवेलागणीला पोरीची मूठ वळायची, पाय दाराकडं ओढ घ्यायचे. आम्ही नवरा-बायको तिला धरून बसायचो. एकदा माझ्या पाठीमागं उभी राहून ती हळूच म्हणाली, "अब्बा... हाथ दुखता है. ले लो ना..."

बाप आहे मी. हात मागं पसरला. तिच्या हातात काहीच नव्हतं, तरी माझा तळवा ओला झाला.

आता पोरगी निवांत झोपते. दिवेलागणीला बायको मला खाटेला बांधते. मनगटावरचे हे वळ त्याचेच. आज तुम्ही पाहुणे, म्हणून सोडलंय.

दिवा जरा सरकवा... तबस्सुम आली बघा, कप न्यायला.

बेटा, हाथ पीछे ले... अहो, धरा हो तिला. ती माझ्या हातातून काय घेतेय? कप तर मघापासून स्टुलावरच आहे...