कलर मोठा की सिक्वेन्स?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंपळनेरात पत्ते न खेळणारा माणूस शोधून सापडत नाही. सुकदेवमामांच्या ओट्यावर एक हात कमी पडला, म्हणून मामांनी मला बसवलं... आणि समोर होता शेजारचा प्रशील. जळगावात बँकेत नोकरी, गालावर खळी आणि शिकवायला नवा खेळ — पोकर. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे, आणि त्यांतून पाचांचा डाव जुळवायचा. पैशांऐवजी मी नेलेले केळीचे वेफर्स लावायचे.

तीन दिवस आम्ही खेळलो. तीन दिवस मी पत्त्यांपेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहिलं, खोटं कशाला बोलू?

"चार बदाम जमलेत, पाचवा आला की कलर," तो पुटपुटायचा. "तेरातले चार गेले, उरले नऊ. दोन पत्ते यायचे असले तर चारने गुणायचं, नऊ चोक छत्तीस — शंभरात साधारण छत्तीस वेळा. एकच यायचा असला तर दोनाने, नऊ दुणे अठरा."

मी थक्क! जो पत्ता अजून दिसलाच नाही, त्याचाही हिशेब मांडता येतो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मात्र माझं लक्ष लागेना. मला सांगून आलेल्या नाशिकच्या स्थळाला दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता. मामा चहा सांगायला आत गेले, तसा प्रशील हळूच म्हणाला, "हा डाव मी जिंकलो, तर होकार कळवायचा नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"तर मी... पुन्हा हा विषय काढणार नाही."

मी पत्ते उघडे टाकले. पंजीपासून नव्वीपर्यंत माझा सिक्वेन्स लागलेला! त्याच्याकडे नुसते चार बदाम, आणि मधला एकच पत्ता उलटायचा राहिलेला.

"चव्वेचाळीस पत्ते झाकलेले, त्यात नऊ बदाम. पाचात एकदा," तो म्हणाला.

"एवढ्याशा आशेवर लावता?"

"मिळणार काय आहे, ते बघून लावतात," तो माझ्याकडे बघत म्हणाला, आणि मी नजर खाली वळवली.

मामा आले. शेवटचा पत्ता त्यांनीच उलटला.

बदामाची दुर्री!

"सिक्वेन्सपुढे कलर काय करी?" मामांनी सगळे वेफर्स माझ्याकडे सारले. "पोर जिंकनी!"

मामांचा जन्म तीनपत्तीत गेलेला, आणि तीनपत्तीत सिक्वेन्सच मोठा. पोकरमध्ये उलटं. पाच पत्ते एका रंगाचे जमणं जास्त अवघड, म्हणून कलर मोठा. हे मला प्रशीलनेच शिकवलं होतं. त्याने एक शब्द उच्चारला असता, तरी डाव त्याचा होता.

तो बोलला नाही. जिंकलेला डाव त्याने माझ्या हातात ठेवला. असं कुणी करू शकतं?

"मामा, चुकलं तुमचं," मी म्हणाले. "यात कलर मोठा असतो. मी हरले."

"काय वं पोरी, हारानी इतली घाई शे का तुले?"

"हो, मामा... आणि नाशिकला आजच फोन करा. माझा नकार आहे म्हणून सांगा."