सम्राटाचा म्हातारा चेहरा

यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. रीमा माझी सख्खी मामेबहीण. जे घडलं ते मागच्या डिसेंबरात, वसईजवळच्या गिरीजमध्ये, भर दुपारी घडलं.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. केळीच्या वाडीत लख्ख ऊन पडलं होतं.

रीमा मूर्ती घडवते. घरच्या वाडीत विहिरीशेजारी जुनी पंपाची खोली आहे, तिथेच तिचं काम चालतं. तिच्या ओळखीचे हितेश सर कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना प्रदर्शनासाठी रोमचा सम्राट ऑगस्टस हवा होता. एक नाही, चार डोकी.

पहिला, सत्तेच्या मागे लागलेला कोवळा पोरगा. दुसरा, जिंकून आलेला सेनापती. तिसरा, डोक्यावरून वस्त्र ओढलेला, देवाधर्माचा माणूस. सरांनी तिला समजावलं, की दिवस पालटले तसं या माणसाने आपलं रूपही पालटलं. साधेपणा दिसावा म्हणून स्वतःचे चांदीचे पुतळेसुद्धा वितळवून टाकले. एक गोष्ट मात्र त्याने कधी होऊ दिली नाही. पंच्याहत्तर वर्षं जगला, पण नाण्यांवर आणि दगडात तो शेवटपर्यंत तरुणच राहिला.

"त्याचा म्हातारा चेहरा कुठेच नाही," सर म्हणाले. "चौथं डोकं तेच करू. त्याने जे लपवलं ते."

रीमाला कल्पना आवडली. नमुना तर घरातच होता. तिचे बाबा, म्हणजे माझे शत्रुघ्नमामा. वय साधारण तेवढंच. जन्म वाडीत गेलेला. रापलेलं तोंड, पडलेले दात, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर एका बाजूला लोंबणारा जबडा. राजाला माझं थोबाड कशाला, म्हणून मामा हसले. पण बसले तिच्यासमोर.

तीन डोकी व्यवस्थित झाली.

चौथं मातीत उभं राहिलं, तेव्हा मामीने बघून नकळत पदर सारखा केला. इतकं हुबेहूब. रीमाने त्यावर ओलं फडकं टाकलं, कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेली.

परत येऊन फडकं काढलं...

जबडा वर उचललेला होता.

माती सरकली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ओली माती सरकते ती खाली. वर कधी जात नाही.

तिने जबडा पुन्हा उतरवला. दुसऱ्या दिवशी जेवून आली, तर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या गायब. तिथे बोटाचा ठसा नाही, हत्याराचा ओरखडा नाही. गुळगुळीत. घासलेल्या दगडासारखं.

किल्ली तिच्या कमरेलाच होती.

शेजारच्या वाडीतला प्लासिड भाजीला पाणी सोडत होता. त्याला तिने विचारलं, कोणी आलं होतं का. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती जेवायला गेलीच नव्हती. खोलीतून काम चालल्याचा आवाज सारखा येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला निघाली, आणि अर्ध्या वाटेवरून हळूच परतली.

दाराशी उभी राहिली. वाऱ्याने केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

आतून आवाज आला.

खर्र... खर्र...

मग थोडा वेळ काहीच नाही. जसं कोणी हात थांबवून नीट बघतंय.

खर्र...

तिने कुलपाला हात लावला. आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. फडकं जमिनीवर पडलं होतं. काम तपासायला ती आरसा वापरायची, तो भिंतीवरच्या खिळ्यावर नव्हता...

तो डोक्याच्या बरोबर समोर टेकवून ठेवला होता.

तिने चेहऱ्याला हात लावला. गालावरची माती कोमट होती.

दुसरी कोणी असती तर तिथून पळाली असती. रीमाला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. बाबांचा चेहरा होता तो. ती आरशाला पाठ करून बसली आणि दुपारभर जागची हलली नाही. एकेक सुरकुती पहिल्यापेक्षा खोल कोरली. जबडा पहिल्यापेक्षा खाली ओढला. या वेळी चेहरा तसाच राहिला.

आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

घरी आली तर मामी दारातच उभी. मामांना सकाळपासून बरं नव्हतं, आणि आता ते आरसा मागत होते. ज्या माणसाने दाढी सोडून कधी आरशात पाहिलं नाही, तो.

रीमाने आरसा धरला. मामांनी बराच वेळ स्वतःला न्याहाळलं. मग केस विंचरून घेतले. मग लोंबणाऱ्या जबड्याला हात लावून म्हणाले, "यो वर कर गो."

तिने तळव्याने जबडा वर धरला. मामांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आवाज त्यांचाच होता, पण असं बोलणं त्यांचं नव्हतं.

"माजा सोंग बरा वठला ना?"

दिवे लागायच्या आत मामा गेले.

तेराव्यानंतर हितेश सर भेटायला आले. चौथ्या डोक्याची घाई नाही म्हणाले. रीमाने सहज विचारावं तसं विचारलं, की ऑगस्टस गेला कसा.

सरांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी त्याने आरसा मागवला. केस विंचरून घेतले. सैल पडलेला जबडा नीट करून घेतला. मग भोवतीच्या मित्रांना विचारलं, माझं सोंग नीट वठलं का?

रीमाने मामीकडे पाहिलं. मामीने हातातली कपबशी खाली ठेवली. मामा ते बोलले तेव्हा खोलीत या दोघीच होत्या. दोघींनी बाहेर कोणाला एक शब्द सांगितला नव्हता.

सर गेल्यावर रीमा प्लासिडला सोबत घेऊन पंपाच्या खोलीत गेली. फडकं काढलं. एकही सुरकुती उरली नव्हती. ते डोकं तिने त्याच्यासमोरच पाण्यात कालवून टाकलं. प्रदर्शन तीन डोक्यांवर झालं.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

भिंतीवर लावायला मामांचा फोटो हवा होता. नमुन्यासाठी रीमाने मोबाईलवर पुष्कळ काढले होते, सगळ्या बाजूंनी. तिने ते उघडले...

खुर्ची तीच. चौकड्यांचा सदरा तोच. मामांचा चेहरा मात्र गुळगुळीत. जबडा ताठ.

घरातले जुने फोटो काढले. नातेवाइकांकडचे मागवले. सगळ्यांत तेच. बघणारे म्हणतात, काय तरुण दिसायचे हो.

परवा रीमा भेटली. मोबाईलवरचे तेच फोटो पुन्हा पुन्हा मागेपुढे करत होती. मग म्हणाली, "त्या चेहऱ्यावरून माझी बोटं इतके दिवस फिरली. आता कितीही आठवलं तरी बाबा म्हातारे दिसत नाहीत. तुला आठवतात का त्यांच्या सुरकुत्या?"

मी हो म्हटलं.

खोटं बोललो. त्या रात्री डोळे मिटून मी खूप प्रयत्न केला...

मलाही आठवत नाहीत.