उघाडी काढायची राहिली

माझी चप्पल खाडीनं गिळली, त्या दुपारी देवेश मला पहिल्यांदा भेटला.

ओहोटी होती. कशेळीच्या काठावर तिवरांच्या बिया वेचायला मी चिखलात उतरले आणि नको तिथे पाय टाकून गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय ओढला की दुसरा आणखी खाली जायचा. बांधावर एक उंच, सावळा मुलगा डंपरला टेकून चहा पीत होता.

"ओ मॅडम, हात देऊ?"

"नको. माझी मी निघेन."

"निघा मग." तो खाली उतरून काठावर निवांत बसला. "भरतीला अजून वेळ हाय."

मी दातओठ खात पाय ओढत राहिले, तो फुंकर मारत चहा पीत राहिला. शेवटी गुडघ्याला गार पाणी लागलं, तेव्हा त्याच्याकडे न बघताच मी हात पुढे केला. त्याने तो धरला... आणि ओढायच्या आधी विचारलं, "नाव?"

"संघरत्ना."

"एवढं मोठं? हाक मारून होईस्तोवर भरती येईल."

"मग आत्तापासून सुरुवात करा."

तो इतका हसला की मीच पुन्हा पडता पडता वाचले. चप्पल गेली ती गेलीच. पण घरी जाताना मी अनवाणी पायांनी उगाचच गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गमबूट आणून दिले. चांगले दोन नंबर मोठे.

"पायाचा अंदाज घेतलेला..." तो कान खाजवत म्हणाला. "चिखलातच होता ना पाय."

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि एका छोट्या संस्थेची तिवरांची रोपवाटिका सांभाळायला लागले. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी, खाडीकाठची झाडं. देवेश डंपरवाला. लोकांच्या सखल जमिनी भराव टाकून उंच करणं हा त्याचा धंदा, म्हणजे तो भरायचा आणि मी रडायची. पण त्याच्या स्वतःच्या घरचं खाजण अजून उघडं होतं. भरतीच्या पातळीला असलेली ती ओली, गवताळ जमीन त्याच्या आजोबांनी, महादूंनी, मुलाच्या आणि नातवाच्या नावावर ठेवली होती. दोघंही हो म्हटल्याशिवाय तिथे काहीच होणार नव्हतं.

त्या खाजणाच्या मागे आमची वस्ती. आजूबाजूला गोदामं उठली तशा पाण्याला जायला दोनच जागा उरल्या, ते खाजण आणि आमची घरं. आमच्याकडे फ्रिज बारा महिने नवरदेवासारखा चौरंगावर बसलेला असतो. आई पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जाते आणि आभाळ भरून आलं की सुपरवायझरला न विचारता घरी पळते.

खाजणाच्या बांधात एक जुनी उघाडी होती, फळ्या घालून बंद केलेलं तोंड. त्या फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत येणार, ओहोटीला परत जाणार, आणि पाण्याबरोबर वाहत आलेल्या बिया आपोआप रुजणार. भिंत नको, पंप नको. पावसाच्या पाण्याला थांबायला जागा आणि माती धरून ठेवायला तिवरांची मुळं, एवढंच मला हवं होतं. आणि मग... देवेशही हवा झाला. माणूस एका वेळी दोन गोष्टींचा हट्ट धरतो आणि तिथेच फसतो.

तो होडी घेऊन यायचा. आम्ही बिया वेचायचो, बादलीत भिजत घालायचो.

"सोलायच्या न्हाय?" त्याने एकदा विचारलं.

"अजिबात नाही. भिजली की साल आपली आपण सुटते. वाट बघायची."

"किती?"

"ती म्हणेल तितकी."

तो बादलीत बघत राहिला. "मी बियांचं विचारत न्हाय गो..."

"मी तरी कुठे बियांचं सांगतेय?"

खाडीवरून भुरभुर पाऊस आला. आम्ही दोघंही आडोशाला गेलो नाही. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता आणि तो पुसायला माझा हात उठला – अर्ध्या वाटेतून मी तो परत घेतला, तर त्याने तोच धरला.

"दिवाळी झाली की उघाडी काढू," तो म्हणाला. "बाबांशी मी बोलतो."

"शब्द?"

"शब्द."

त्याच्या बाबांना, केसरीनाथांना, मी सून म्हणून नको होते. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं.

भाद्रपदात तीन दिवस धुवाधार कोसळला. घरात मांडीभर पाणी. देवेश होडी घेऊन दाराशी आला, तेव्हा आई पलंगावर उभी होती आणि मी डोक्यावर तांदळाचा डबा धरून. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"तुला या पाण्यात ठेवणार न्हाय मी," तो म्हणाला. "काय वाट्टेल ते करीन."

मी लाजले. खरं तर विचारायला हवं होतं, काय करशील?

दिवाळीनंतर मी रोपं मोजून तयार ठेवली, गमबूट घातले आणि खाजणावर गेले. बांध फोडून वाट केली होती. डंपर उलटा आत येत होता, आणि देवेश स्वतः हात हलवत त्याला वाट दाखवत होता, "येऊ दे... येऊ दे..."

मला बघून तो हसत धावत आला. हसत!

"रत्ना, बाबा हो बोलले!"

"कशाला?"

"आपल्या लग्नाला! बोलले, पोरीला घरात घेतो, पण मग तू पण माझं ऐक. खाजणावरच्या गोदामाला हो म्हण. मी हो म्हटलं." त्याचे डोळे चमकत होते. "धामणकर नाक्याला फ्लॅट बघितलाय. चौथा माळा. आईला पण नेऊ. पाणी कधी दिसणारच न्हाय तुला."

मागे डंपर रिकामा झाला. त्या आवाजात मला स्वतःचंच ऐकू येईना.

"आणि वस्तीतली कमळमावशी?" मी विचारलं. "जानूकाका? त्यांना कुठला माळा?"

त्याने हा विचारच केला नव्हता. वाईट माणूस असता तर केला असता आणि उत्तरही तयार ठेवलं असतं.

"तुझ्यासाठीच केलं ना मी..."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, देवेश. मला तू आवडतोस. इतका आवडतोस, की आता घरी जाऊन कशी जेवणार आहे तेही कळत नाही. पण ज्या पाण्यावर तू मला उचलून ठेवणारेस, ते माझ्या माणसांच्या घरात जाणार. मी वरून बघत बसू?"

तो थांबवायला हात पुढे करून उभा राहिला. मी गेले. रोपं आम्ही वस्तीतल्यांनी काठावर मिळेल तिथे लावली. पुढच्या भरावाखाली ती बरीचशी गाडली गेली.

श्रावणात पाणी आलं, ते छातीपर्यंत. चौरंग तरंगला आणि फ्रिज आडवा झाला. आई म्हणाली, "राहू दे गं आता," आणि तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाठ फिरवली.

दाराशी होडी लागली. आठ महिन्यांत तो बारीक झाला होता.

"चल," तो म्हणाला.

"आधी कमळमावशी."

त्याने तिला नेलं. मग जानूकाकांना. मग आईला, शेजारच्या पोरांना, एका शेळीला. दर खेपेला तो माझ्याकडे बघायचा आणि मी पुढच्या माणसाकडे बोट दाखवायची. शेवटी वस्तीत मी आणि कमळमावशीची कोंबडी एवढ्याच उरलो. तिला कुशीत घेऊन मी होडीत बसले.

तो वल्हवत राहिला. आसपास कोरडी, उंच जागा एकच होती. गोदामाच्या ओट्यावर सगळी वस्ती ओलीचिंब बसली होती. तेच खाजण. पायाखाली सिमेंट, त्याखाली भराव, आणि त्याच्याही खाली कुठेतरी उघाडीच्या फळ्या.

"इथं आता तिवर गुडघ्याएवढे झाले असते," मी म्हणाले.

"म्हाईत हाय." तो म्हणाला. "रोज बघतो मी ते. डोळं मिटलं की."

"मीही."

होडी ओट्याला लागली. तो आधी चढला, वाकला आणि चिखलातल्या त्या दुपारसारखाच हात पुढे केला. "हात दे, संघरत्ना." आज त्याने पूर्ण नाव घेतलं.

मला तो हात हवा होता. अजूनही हवा आहे, खोटं कशाला बोलू. मी त्या हातात कमळमावशीची कोंबडी दिली आणि ओट्याची कड धरून माझी मी वर चढले. कोंबडी छातीशी धरून तो तिथेच पावसात उभा राहिला, आणि मी आईसाठी कोरडं काही मिळतंय का बघायला आत गेले.